पीव्हीसी पाइपपासून घरच्या घरी फर्निचर कसं बनवायचं? पाइपची निवड, मापं, जोडणी आणि मर्यादा

पांढऱ्या प्लंबिंग पाइपचं शू रॅक, लॅपटॉप स्टँड, कपडे वाळत घालायचं स्टँड अशा रील्स तुम्ही नक्कीच पाहिल्या असतील. तीस सेकंदांत पाइप कापला जातो, खटाखट जोडला जातो आणि रॅक उभं! बघून वाटतं, हे तर आपणही रविवारी करू शकतो. करू शकताच. पण दुकानात गेल्यावर पहिलाच प्रश्न येतो, "कुठला पाइप देऊ?" आणि रीलमध्ये नेमकं तेच सांगितलेलं नसतं.

या लेखात आपण पीव्हीसी पाइप म्हणजे काय, कोणता घ्यायचा, तो किती वजन पेलतो, कसा कापायचा आणि जोडायचा हे बघू. त्यानंतर वसई-विरारच्या घरांत खरोखर उपयोगी पडतील अशा दोन वस्तूंची मापं बघू. आणि या पाइपपासून काय अजिबात बनवायचं नाही, तेही शेवटी स्पष्ट सांगितलं आहे. तो भाग सोडू नका.

पीव्हीसी पाइप म्हणजे नक्की काय?

पीव्हीसी म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड. हे प्लास्टिक वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतं आणि हे क्लोरीन मिळतं मिठापासून. म्हणजे भाईंदर-नायगावच्या आसपास लोकलच्या खिडकीतून जी मिठागरं दिसतात, तसल्याच साध्या मिठात या पाइपचं अर्ध्याहून जास्त मूळ आहे. उरलेला भाग खनिज तेल किंवा नैसर्गिक वायूपासून येतो. आपल्या महाराष्ट्रात रत्नागिरीला फिनोलेक्स इंडस्ट्रीजचा पीव्हीसीचा कच्चा माल तयार करणारा मोठा कारखाना आहे.

पीव्हीसीमध्ये मऊपणा आणणारी रसायनं घातली की त्याची रेक्झिन, वायरचं आवरण, बागेचा लवचिक पाइप अशा वस्तू होतात. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन या संशोधकाने हे मऊ पीव्हीसी करून दाखवलं. ही रसायनं न घालता बनवलेलं कडक पीव्हीसी म्हणजे यूपीव्हीसी. नळाचे पाइप याचेच असतात. आपल्याला फर्निचरसाठी हेच लागतं.

वसई-विरारमध्ये याचा उपयोग का आहे?

तीन कारणं आहेत.

पहिलं, हवा. अर्नाळा, राजोडी, भुईगाव अशा किनाऱ्याजवळच्या भागात खाऱ्या वाऱ्याने लोखंडी स्टँडला लवकर गंज चढतो. पीव्हीसी गंजत नाही.

दुसरं, पाणी. २०१८ च्या जुलैमध्ये नालासोपारा स्टेशनात रुळांवर पाणी साचून गाड्या थांबल्या होत्या आणि वसई तालुक्यातल्या मिठागरांवरच्या लोकांची सुटका करावी लागली होती. तळमजल्यावर राहणाऱ्यांना दर पावसाळ्यात ही धास्ती असते. स्वस्त पार्टिकल बोर्डचं रॅक एकदा पाण्यात बसलं की फुगतं आणि मग फेकावंच लागतं. पाइपचं रॅक पाणी ओसरल्यावर धुऊन परत वापरता येतं.

तिसरं, जागा. वन आरकेमध्ये बाजारातलं तयार रॅक दारामागच्या फटीत बसत नाही, चार बोटं तरी जास्त भरतं. त्यातून भाडेकरार ११ महिन्यांचा. घर बदललं की फर्निचर टेम्पोत चढवा, उतरवा. पाइपची वस्तू आपल्या मापाची करता येते आणि जोडणी नीट ठरवली तर खोलून सपाट गठ्ठा बांधून नेता येते.

कोणता पाइप घ्यायचा?

इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. दुकानात 'पाऊण इंची पाइप' मागितला तर तीन वेगवेगळ्या जाडीच्या वस्तू समोर येऊ शकतात.

१. यूपीव्हीसी प्लंबिंग पाइप: पांढरा. यावर एएसटीएम डी १७८५ आणि शेड्यूल ४० किंवा शेड्यूल ८० असं छापलेलं असतं. पाऊण इंची पाइपचा बाहेरचा व्यास २६.७ मिमी. फर्निचरसाठी हाच घ्या.

२. शेतीचा किंवा पाणीपुरवठ्याचा पाइप: बहुधा करड्या रंगाचा. यावर आयएस ४९८५ आणि दाबाचा वर्ग छापलेला असतो. याची मापं मिलिमीटरमध्ये, म्हणजे २०, २५, ३२, ४० अशी. कमी दाबाच्या वर्गाचा पाइप पातळ असतो. तो स्वस्त पडतो, पण वजनाखाली लवकर वाकतो.

३. सीपीव्हीसी पाइप: फिकट पिवळसर. गरम पाण्यासाठी असतो, यावर आयएस १५७७८ छापलेलं असतं. पाऊण इंची पाइपचा बाहेरचा व्यास २२.२ मिमी. यूपीव्हीसीपेक्षा महाग, आणि फर्निचरसाठी त्याचा वेगळा फायदा नाही.

याशिवाय वायरिंगचा कंड्युट पाइप असतो. तो पातळ आणि हलका असतो. कागदी सजावटीला ठीक आहे, वजन ठेवायला नाही. संडास-बाथरूमच्या सांडपाण्याचा एसडब्ल्यूआर पाइप रुंद असतो, पण त्याच्या मानाने पातळ. त्याचे तुकडे पेन स्टँड किंवा कुंडीसाठी छान आहेत.

आता लक्षात ठेवायची गोष्ट: २६.७, २५ आणि २२.२ मिमी हे तिन्ही पाइप एकमेकांच्या फिटिंगमध्ये बसत नाहीत. पाइप एका प्रकारचा आणि एल्बो दुसऱ्या प्रकारचा घेतला तर घरी आल्यावर एक तर आत जाणार नाही किंवा ढिला बसून डुगडुगेल. म्हणून पाइप आणि फिटिंग एकाच दुकानातून, एकाच प्रकारचे घ्या आणि काउंटरवरच एक तुकडा घालून बघा.

शेड्यूलचा आकडा मोठा तितकी पाइपची भिंत जाड. एक इंची शेड्यूल ४० ची जाडी सुमारे ३.४ मिमी, शेड्यूल ८० ची सुमारे ४.५ मिमी. दोन्हींचा बाहेरचा व्यास मात्र सारखाच, ३३.४ मिमी. त्यामुळे जिथे जास्त वजन येणार तिथे तेवढाच पाइप शेड्यूल ८० चा घालता येतो, फिटिंग बदलावं लागत नाही.

पाइपवर आयएसआय मार्क असेल तर त्याच्या खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' हे सरकारी अ‍ॅप फोनमध्ये घेऊन तो क्रमांक टाकला की परवाना खरा आहे की नाही ते दुकानात उभ्या उभ्या कळतं.

पाइप किती वजन पेलतो?

पाइप आतून पाण्याचा दाब सहन करण्यासाठी बनवलेला असतो. आपण मात्र त्याच्यावर आडवं वजन ठेवतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पाइपवर छापलेल्या दाबाच्या आकड्यावरून रॅक किती किलो पेलेल ते कळत नाही.

पोलाद यूपीव्हीसीपेक्षा साधारण ७० पट ताठ असतं. म्हणून प्लास्टिक तुटायच्या आधी वाकतं. समजा, १ मीटर लांबीचा शेड्यूल ४० पाइप दोन टोकांवर टेकवला आणि बरोब्बर मधे १० किलो वजन लटकवलं, तर हिशेबाने मधला बाक साधारण एवढा येतो:

अर्धा इंची पाइप: १०० मिमीच्या आसपास
पाऊण इंची पाइप: ४७ मिमी
एक इंची पाइप: २० मिमी
दीड इंची पाइप: ६ मिमीच्या आत

आता एक इंची पाइपची लांबी १ मीटरऐवजी अर्धा मीटर करा. तेच १० किलो, पण बाक २० मिमीवरून थेट अडीच मिमीवर येतो. लांबी निम्मी केली की बाक आठ पटीने कमी होतो! म्हणजे जाड पाइप घेण्याआधी मधे एक पाय वाढवून बघा. बहुतेक वेळा तेच स्वस्त पडतं.

आणखी दोन गोष्टी. हा बाक वजन ठेवल्या-ठेवल्या येणारा आहे. तेच वजन महिनोन्महिने राहिलं तर प्लास्टिक हळूहळू आणखी वाकत जातं. म्हणून वरचा आकडा दुप्पट धरून चालणं बरं. दुसरं, तापमान. यूपीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि त्याआधीपासूनच त्याचा ताठपणा कमी होत जातो. भर उन्हात खिडकीशी किंवा गॅसच्या शेगडीशेजारी ठेवलेलं रॅक त्यामुळे जास्त वाकतं.

पाइपमध्ये वाळू भरली की मजबूत होतो, असं बरेच जण सांगतात. वाळूने वजन वाढतं, स्टँड सहजी कलंडत नाही, हे खरं. पण पाइप ताठ होत नाही. ताठ करायचा असेल तर आत घट्ट बसणारी बांबूची काठी घाला.

कोणकोणतं सामान लागेल?

मोजपट्टी आणि मार्कर.
हॅक्सॉ, म्हणजे दुकानात ज्याला 'एक्सा' म्हणतात ती करवत. पाइप कटर असेल तर काम जास्त साफ होतं.
कानस आणि पॉलिश पेपर.
रबरी हातोडी. नसेल तर लाकडी ठोकळा ठेवून साधी हातोडी चालते.
यूपीव्हीसीचं सॉल्व्हंट सिमेंट. प्लंबर याला 'सोल्युशन' म्हणतात. सीपीव्हीसीचं वेगळं असतं, डब्यावर वाचून घ्या.
छोटे स्क्रू आणि ड्रिल. ड्रिल शेजारी-मित्रांकडे मिळालं तर विकत घ्यायची गरज नाही.
मास्क आणि चष्मा. हे ऐच्छिक नाहीत.

फिटिंगमध्ये मुख्य तीन: काटकोनात वळणारा एल्बो, तीन तोंडांचा टी आणि टोक बंद करणारी एंड कॅप. रीलमध्ये दिसणारा तीन दिशांचा कोपरा, म्हणजे थ्री-वे कॉर्नर, आपल्याकडच्या साध्या हार्डवेअर दुकानात सहसा मिळत नाही. ऑनलाइन मागवावा लागतो. पुढच्या दोन्ही वस्तू त्याच्याशिवाय बनतात.

पाइप ३ मीटरच्या लांबीत मिळतो. तो घेऊन लोकलमध्ये चढता येत नाही आणि रिक्षातही धोक्याचा आहे. आधी कापणीची यादी करा आणि दुकानातच मोठे तुकडे करून घ्या.

फोनचा उपयोग कुठे होतो?

गुगलवर 'बबल लेव्हल' असं शोधलं की फोनच पाणसळ बनतो. आयफोनमध्ये मेजर अ‍ॅपमध्ये लेव्हल असते.

टिंकरकॅड ही ऑटोडेस्क कंपनीची मोफत वेबसाइट आहे. ब्राउझरमध्येच दंडगोल ओढून स्टँडचं चित्र उभं करता येतं. कापणीची यादी गुगल शीट्समध्ये करा, बेरीज आपोआप होते.

कॅमेऱ्याने मोजपट्टीसारखं माप दाखवणारी अ‍ॅप्स खोलीचा अंदाज घ्यायला ठीक आहेत. पाइप कापायला त्यांच्यावर विसंबू नका. एक सेंटीमीटरचा फरक पडला तरी चौकट तिरकी होते.

आणि सगळ्यात कामाची युक्ती: स्टँड तयार झाल्यावर फोन एका जागी टेकवून फोटो काढा. वजन ठेवा, पुन्हा त्याच जागेवरून फोटो. २४ तासांनी तिसरा फोटो. तिन्ही एकापाठोपाठ सरकवून बघितले की पाइप वाकतोय का ते लगेच दिसतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या फोटोत फरक दिसला तर वजन कमी करा किंवा मधे पाय द्या.

वस्तू पहिली: तीन मजली चपलांचं रॅक

साधारण ६७ सेमी रुंद, ३४ सेमी खोल आणि ५७ सेमी उंच. फिटिंगच्या कंपनीप्रमाणे एक-दोन सेमी इकडेतिकडे होईल. एका मजल्यावर तीन जोड, म्हणजे एकूण नऊ जोड मावतात. खालचा मजला जमिनीपासून सुमारे १४ सेमी वर आहे, त्यामुळे खालून झाडू-पोछा फिरतो.

पाइप: पाऊण इंची, शेड्यूल ४०, ३ मीटरच्या तीन लांब्या.
फिटिंग: टी २०, एल्बो ४, एंड कॅप ४.

तुकडे:
६० सेमीचे ६ (ज्यावर चपला राहतात ते आडवे दांडे)
१८ सेमीचे ८ (पायांचा मधला आणि वरचा भाग)
१२ सेमीचे १० (४ पायांच्या खालच्या भागासाठी, ६ बाजूच्या पट्ट्यांसाठी)
५ सेमीचे १२ (बाजूच्या पट्ट्यांच्या टोकांना)

एकूण ६८४ सेमी. पहिल्या लांबीतून ६० चे चार आणि १२ चे चार कापा. दुसरीतून ६० चे दोन, १८ चे आठ आणि १२ चे दोन. तिसरीतून उरलेले १२ चे चार आणि ५ चे सगळे. तिसऱ्या लांबीत जवळपास १९० सेमी पाइप उरतो, तो चुकलेल्या तुकड्यांसाठी ठेवा. पाच तुकडे ६० सेमीचे एकाच लांबीतून काढायला जाऊ नका. प्रत्येक कापाला करवत एखादा मिलिमीटर खाते, शेवटचा तुकडा आखूड पडतो.

कृती:

१. पाइपला कागदाची सरळ पट्टी गुंडाळा, कडा जुळवा आणि कडेने मार्करने रेघ मारा. त्या रेघेवर कापलं की काप सरळ येतो. कापल्यावर आतली-बाहेरची कड कानसने साफ करा.

२. आधी सगळं सिमेंट न लावता जोडून बघा. फिटिंगचं तोंड आत निमुळतं असतं, त्यामुळे कोरडा पाइप पूर्ण तळापर्यंत जात नाही. सिमेंट लावल्यावर तो आणखी आत सरकतो आणि चौकट थोडी लहान होते. घाबरू नका, ते तसंच असतं.

३. बाजूची पट्टी तयार करा: ५ सेमी, टी, १२ सेमी, टी, ५ सेमी. दोन्ही टीची मोकळी तोंडं एकाच दिशेला हवीत. तपासायला त्या तोंडांत ६० चे दांडे खोचून लांबून बघा, दोन्ही समांतर दिसले पाहिजेत. अशा सहा पट्ट्या लागतील.

४. पाय तयार करा: खाली एंड कॅप, मग १२ सेमी, टी, १८ सेमी, टी, १८ सेमी आणि वर एल्बो. असे चार पाय.

५. दोन पाय समोरासमोर सपाट फरशीवर आडवे ठेवा आणि मधे तीन पट्ट्या बसवा. पट्ट्यांच्या टीची तोंडं आकाशाकडे. ही झाली एक बाजू. तशीच दुसरी करा.

६. दोन्ही बाजू उभ्या करून ६० चे सहा दांडे मधे बसवा. रबरी हातोडीने हलके ठोका. फोनची लेव्हल ठेवून बघा.

सिमेंट कुठे आणि स्क्रू कुठे?

सॉल्व्हंट सिमेंट हा गोंद नाही. ते पाइपचा आणि फिटिंगचा पृष्ठभाग विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात. एकदा बसलेला सांधा पुन्हा सुटत नाही, कापावाच लागतो. म्हणून भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आधी ठरवायचं की काय कायमचं आणि काय सुटं.

या रॅकमध्ये दोन्ही बाजू सिमेंटने पक्क्या करा. ६० चे सहा दांडे मात्र कोरडेच ठेवा आणि प्रत्येक टोकाला टीमधून एक छोटा स्क्रू मारा. बारा स्क्रू काढले की दोन सपाट बाजू आणि सहा दांडे एवढंच सामान उरतं.

सिमेंट लावताना आधी पेन्सिलने दोन्हींवर जुळणीची खूण करा. पाइपच्या बाहेरून आणि फिटिंगच्या आतून पातळ थर द्या, आत घालून किंचित फिरवा, खुणा जुळवा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. दुरुस्तीला वेळ मिळत नाही. वजन ठेवायच्या आधी २४ तास थांबा.

हे सिमेंट पेट घेतं आणि त्याची वाफ डोक्यात जाते. वन आरकेत दार-खिडकी बंद करून, शेजारी गॅस किंवा देवापुढचा दिवा चालू ठेवून हे काम करू नका. गच्चीवर किंवा खिडकीशी करा.

वस्तू दुसरी: गणपतीच्या सजावटीची चौकट

२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली आणि थर्माकोलच्या मखरांना पर्याय शोधणं भाग पडलं. कापडी पडद्यामागे पाइपची चौकट हा त्यातला सोपा पर्याय. एकदा केली की दरवर्षी चालते.

पाइप: एक इंची, शेड्यूल ४०, ३ मीटरच्या तीन लांब्या.
फिटिंग: टी ४, एल्बो २, एंड कॅप ४.
तुकडे: १२० सेमीचे २, ९० सेमीचे २, ६० सेमीचे २, ३० सेमीचे ४.

पायासाठी टी उलटा ठेवा, म्हणजे मधलं तोंड वर. पुढे-मागे ३० चे तुकडे आणि टोकांना कॅप. वरच्या तोंडात ९० चा खांब, त्यावर टी, त्यावर ६० चा खांब, त्यावर एल्बो. असे दोन खांब करून मधे १२० चे दोन आडवे दांडे: एक टीच्या पातळीवर, एक सगळ्यात वर. वरच्या दांड्याच्या मधोमध २ किलोची फुलं-कापड लटकवलं तर बाक साधारण ७ मिमी येतो, डोळ्याला जाणवत नाही.

इथे सिमेंट अजिबात वापरू नका. विसर्जनानंतर सगळं सुटं करून पलंगाखाली ठेवता येतं. पायाच्या तुकड्यांत वाळू भरा, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने चौकट हलणार नाही. समई आणि निरांजन कापडापासून लांब ठेवा.

काय बनवायचं नाही?

हा भाग नीट वाचा. खालच्या वस्तूंच्या रील्स भरपूर आहेत, पण त्या घरी करू नका.

पाण्याच्या ड्रमचं स्टँड: वसई-विरारमध्ये पाणी साठवणं रोजचं आहे. २०० लिटरचा ड्रम भरला की पाण्याचंच वजन २०० किलो होतं. त्याला विटांचा किंवा लोखंडी आधारच हवा.

पाळणा, झोळी किंवा झोका: मूल हलतं तेव्हा सांध्यावर येणारा झटका त्याच्या वजनापेक्षा खूप जास्त असतो. यूपीव्हीसीचा सांधा आधी कुरकुरत नाही, थेट तडकतो.

शिडी, स्टूल आणि बाल्कनीचं रेलिंग: ज्यावर माणूस चढेल, बसेल किंवा रेलून उभा राहील ते यात नको.

शेगडी किंवा सिलिंडरचं स्टँड: उष्णता आणि वजन दोन्ही एकत्र येतात. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीचं वजन वेगळं, म्हणजे सगळं मिळून ३० किलोच्या घरात.

डोक्यावर टांगलेलं शेल्फ: खाली कोणी झोपत असेल तर नाहीच.

रॅक सोसायटीच्या पॅसेजमध्ये ठेवणार असाल तर जिन्याकडे जायची वाट मोकळी राहील असं ठेवा. पीव्हीसी स्वतःहून सहज पेटत नाही, पण आगीत सापडलं तर त्यातून घशाला झोंबणारा हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो.

रंग, ऊन आणि उरलेले तुकडे

पाइपवरची छापील अक्षरं स्पिरिट लावलेल्या फडक्याने घासली की बऱ्यापैकी निघतात. रंग द्यायचा असेल तर आधी बारीक पॉलिश पेपरने चमक काढा, पुसा आणि मग प्लास्टिकवर चालणारा स्प्रे पेंट पातळ थरांत मारा. गुळगुळीत पाइपवर थेट मारलेला रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

सतत ऊन लागलं की पाइप पिवळट होतो आणि ठिसूळ पडतो. गॅलरीतल्या वस्तूला फिकट रंगाचा थर दिला तर ती जास्त टिकते.

कापताना उडणारा भुगा नाकात जाऊ देऊ नका. पूर्वी पीव्हीसी पाइपमध्ये शिशाची संयुगं सर्रास वापरली जायची. केंद्र सरकारने २०२१ मध्ये त्याविरुद्ध नियम काढले. म्हणून भंगारातला जुना पाइप कापताना जास्त काळजी घ्या: मास्क लावा, भुगा झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि लहान मुलांना लांब ठेवा.

उरलेले तुकडे शेकोटीत किंवा कचऱ्यात जाळू नका. भंगारवाल्याला द्या. पीव्हीसीचा पुनर्वापराचा क्रमांक ३ आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पाइपचं रॅक तयार रॅकपेक्षा स्वस्त पडतं का?
दरवेळी नाही. पाइप स्वस्त असतो, खर्च फिटिंगचा होतो. वरच्या शू रॅकला पाइपच्या लांब्या तीन आणि फिटिंग २८ लागतात. आधी दुकानदाराकडून टी आणि एल्बोचा भाव विचारा, शीटमध्ये गुणाकार करा, मग ठरवा. स्वस्तच हवं असेल तर तयार रॅक घ्या. नेमकं माप, पाण्याची भीती नसणं आणि खोलून नेता येणं हवं असेल तर हे करा.

पुरात हे रॅक वाहून जाईल का?
टोकं बंद केलेल्या पाइपमध्ये हवा अडकते, त्यामुळे चौकट तरंगू शकते. पायांच्या एंड कॅपला आणि थोडं वर पाइपला एकेक छोटं भोक पाडा, म्हणजे पाणी आत-बाहेर होईल.

पाइप गरम करून वाकवता येतो का?
हीट गनने येतो, पण गॅसच्या ज्योतीवर कधीच नको. जास्त तापला की पाइप करपतो आणि विषारी धूर निघतो. सुरुवातीला एल्बोच वापरा.

पुस्तकांसाठी शेल्फ चालेल का?
चालेल, पण पुस्तकं जड असतात. एक इंची पाइप घ्या, दोन पायांमधलं अंतर ५० सेमीच्या आत ठेवा आणि दांड्यांवर प्लायची फळी टाका. फळीमुळे वजन सगळीकडे वाटलं जातं.

सांधा ढिला झाला तर?
कोरडा सांधा असेल तर स्क्रू जागा बदलून मारा. सिमेंटचा सांधा तडकला असेल तर त्याला वरून सिमेंट फासून उपयोग नाही. तेवढं फिटिंग कापून नवीन घाला.

थोडक्यात सांगायचं तर, दुकानात जाताना चार गोष्टी फोनमध्ये लिहून न्या: पाइपचा प्रकार आणि शेड्यूल, दोन आधारांमधलं अंतर, त्यावर येणारं वजन आणि कोणते सांधे सुटे ठेवायचे ते. एवढं ठरलं असेल तर पहिलंच रॅक सरळ उभं राहील आणि पुढच्या भाडेकराराला तुमच्यासोबत नव्या घरीही येईल.